जन्मलेल्या बाळाचे ठोके लेबर रूममध्ये कसे मोजायचे

पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) नव्याने जॉईन झालेल्या सिस्टर लोकांसाठी लिहितोय, मॉनिटरवर विसंबू नका, आधी स्टेथोस्कोपने मोजायचा हात बसवा. आपल्याकडे कोकणात जून-जुलैत लाईट कधी जाईल काही नेम नाही.

बाळ जोरात रडलं, हातपाय हलवतंय तर पुसून आईच्या अंगावर द्या, ठोक्यांची घाई नाही. रडत नसेल तर पुसा, मान नीट ठेवा, पाठ चोळा, आणि तरीही श्वास नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क (तोंडा-नाकावर मास्क लावून बॅग दाबून श्वास देणं) सुरू झालाच पाहिजे, ठोके शोधत बसून तो थांबवायचा नाही. बॅगिंगचा स्पीड मिनिटाला ४० ते ६०. छाती वर येतेय ना ते बघा, येत नसेल तर मास्क आणि मान परत नीट करा. ३० सेकंदांनी ठोके बघा.

स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या बाजूला लावायचा, ६ सेकंद मोजायचं आणि १० ने गुणायचं, १२ आले तर १२०. पत्र्यावर धो धो पाऊस पडत असेल तर ऐकायला खरंच त्रास होतो म्हणून खिडक्या आधीच लावून घ्या, आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक ठोक्याला बोटाने वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर) टकटक करायची म्हणजे बॅग धरलेल्या सिस्टरना मान न वळवता कळतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आकडा मोठ्याने बोला. नाळेच्या मुळाशी बोट लावूनही कळतं पण तिथे बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी लागतात, लागले नाहीत म्हणजे ठोके नाहीतच असं समजू नका.

१०० च्या वर आणि बाळ स्वतः श्वास घेतंय तर बॅगिंग हळूहळू बंद. १०० च्या खाली तर चालू ठेवा. छाती नीट वर येत असतानाही ३० सेकंदांनी ६० च्या खालीच असतील तर छाती दाबायची, ३ वेळा दाबणं मग १ श्वास, ऑक्सिजन १०० टक्के. याला दोन माणसं लागतातच, त्यामुळे डॉक्टरांना त्याच्या आधीच हाक मारलेली पाहिजे.

ऑक्सिमीटर असेल तर प्रोब उजव्या हातालाच, वर कापड झाका कारण वॉर्मरच्या उजेडाने गडबडतो. आकडा यायला एक-दोन मिनिटं जातात. ईसीजी लवकर दाखवतो पण ओल्या अंगावर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत, छाती कोरडी करून लावा, आणि लाईन दिसली तरी कानाने खात्री कराच.

रत्नागिरीला रेफर करायचं झालं तर १०८ येईपर्यंत चिठ्ठीवर किती वाजता किती ठोके होते, बॅगिंग किती वेळ दिलं ते लिहून एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांच्या विभागाला) फोन करून सांगा.