चिकन नळाखाली धुऊ नका

दुकानातून आणलेलं चिकन सिंकमध्ये नळ सोडून खळखळून धुवायची आपल्याकडे सवय असते. त्याने जंतू जात नाहीत, पसरतात. कोंबडीच्या आतड्यात अनेकदा साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू असतात आणि कापताना ते मांसाला लागतात. कोंबडी मात्र बहुधा ठणठणीत दिसते. नळाच्या धारेचे बारीक शिंतोडे शेजारी निथळत ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात आणि ती आपण वरून कच्चीच भुरभुरतो!

धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल (आमच्याकडे तरी नाही पडत), तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने खळबळा, पाणी अलगद ओता, मग सिंक आणि हात साबणाने धुवा. कोशिंबिरीची सुरी आणि पाट वेगळा.

हळद-मीठ किंवा लिंबू चोळून हे जंतू मरतात असं समजू नका, फ्रीझरमध्येही साल्मोनेला तग धरतो. मारते ती आच. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान हवं. थर्मामीटर नसेल तर तंगडीच्या सांध्याशी सुरी खुपसून बघा. मांस गुलाबी किंवा रस लालसर दिसला, तर झाकण ठेवून आणखी शिजवा.