‘ऑन टेंटरहुक्स’ वापरताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या सोलापूरच्या मुलांना ‘ऑन टेंटरहुक्स’चा अर्थ पाठ असतो: जीव टांगणीला लागलेला. घोळ होतो तो लिहिताना. ‘टेंडरहुक्स’ ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. टेंडर हा शब्द रोज कानावर पडतो, म्हणून हात तिकडे वळतो. ‘एन’नंतर ‘टी’च लिहायचा, ‘डी’ नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, तेही इथे चुकतात.

नुसत्या घोकंपट्टीने ही चूक जात नाही, मूळ वस्तू कळली की जाते. आणि सोलापुरात ती समजावून सांगणं सोपं आहे. टॉवेलचं कापड प्रोसेसिंगला गेलं की तिथे स्टेंटर मशीन असतं. धुलाई-रंगाईत कापड आटतं, वाकडंतिकडं होतं. स्टेंटरमध्ये दोन्ही काठ साखळीवरच्या पिनांत किंवा क्लिपांत अडकवतात, पन्हा हवा तेवढा ताणतात आणि कापड गरम हवेतून पुढे सरकतं. पिनांचं मशीन असेल तर काठाला बारीक भोकांची ओळ दिसते. हा स्टेंटर म्हणजे जुना टेंटरच.

इंग्लंडात लोकरीचं कापड विणल्यावर ओलं करून कुटत, म्हणजे वीण घट्ट बसे. मग ते आटू नये म्हणून मोकळ्या मैदानात लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. ती चौकट म्हणजे टेंटर आणि तिच्यावरचे वाकडे खिळे म्हणजे टेंटरहुक्स. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात टेंटर ग्राउंड नावाचा रस्ता आजही आहे. शब्दाचं मूळ लॅटिन ‘टेंडेरे’, म्हणजे ताणणे. संस्कृतातला ‘तन्’ धातू त्याच कुळातला. आपला ताण आणि मागावरचा ताणा त्यातूनच आले. तेव्हा हे खाटकाच्या दुकानातले हुक, ही समजूत सोडा.

वाक्यात ‘ऑन’ हवंच. ‘इन’ किंवा ‘अंडर’ चालत नाही. एकवचनही करू नका. ‘द रिझल्ट इज ऑन टेंटरहुक्स’ हे चूक, कारण टांगणीला निकाल लागत नाही, निकालाची वाट पाहणारा लागतो. कोणी किंवा कशाने ताटकळत ठेवलं असेल तर ‘कीप’ घ्या: ‘द डिले केप्ट अस ऑन टेंटरहुक्स’.

अर्थाची चूक मात्र मला जास्त खटकते. ऑफिसात कामाचा ताण आहे म्हणून कोणी ऑन टेंटरहुक्स होत नाही. पुढे काहीतरी ठरायचं असावं लागतं आणि ते काय ठरेल याची धाकधूक असावी लागते. सिद्धेश्वर एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगवर आहे, सकाळी मुंबईत मुलाखत आहे आणि चार्ट अजून लागायचाय: इथे हा वाक्प्रचार चपखल बसतो. चार्ट लागला, तिकीट कन्फर्म झालं, की तो वापरायचा नाही. मग ‘रिलीव्ह्ड’ म्हणा.