काढणीआधीची तयारी: वायनरीतला नायट्रोजन आणि दाबाची हवा

गड्ड्याची जत्रा उरकली की सोलापूर जिल्ह्यात वाईनच्या द्राक्षांची काढणी जोर धरते आणि मार्चपर्यंत कुणाला मान वर करायला वेळ मिळत नाही. वाईनला ऑक्सिजनपासून जपायला नायट्रोजन लागतो. तो हवेतून वेगळा काढणारा नायट्रोजन जनरेटर, त्याला दाबाची हवा देणारा कॉम्प्रेसर आणि ती हवा कोरडी करणारा ड्रायर तपासायचे दिवस म्हणून आत्ताचेच. अकलूज, पंढरपूर, बार्शी भागात ज्यांनी बागेजवळ छोटी वायनरी उभी केली आहे किंवा करायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हा सल्ला. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: नायट्रोजनचे यंत्र घेतले म्हणजे वाईन सुरक्षित झाली, असे होत नाही. यंत्राच्या मागे कोरडी, तेलमुक्त हवा आणि पुढे ऑक्सिजन मोजणारा मीटर नसेल, तर ते यंत्र म्हणजे वीजबिल वाढवणारा खोका आहे.

हवा केव्हा लागते, केव्हा नको

आंबवणीच्या सुरुवातीला यीस्टला ऑक्सिजन लागतोच. साखर साधारण एक तृतीयांश उतरली की रसाला एकदा हवा द्यावी, लीटरमागे ८ ते १० मिग्रॅ ऑक्सिजन पुरतो. २४ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचे माप) पुढे गेलेल्या शिराझ या लाल वाईनच्या द्राक्षात ही पायरी चुकवली, तर शेवटची साखर अडकून बसते आणि सडक्या अंड्यासारखा वास धरतो. लाल वाईनच्या टाकीत वर आलेला सालींचा थर फोडण्यासाठी तळातून दाबाची हवा सोडतात, तेही याच काळात चालते. सोव्हिन्यॉं ब्लॉं या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाचा रस मात्र प्रेसपासूनच (रस काढायचे यंत्र) जपावा, नाहीतर त्याचा खास वास पहिल्याच दिवशी जातो. शेनिन ब्लॉं थोडे सोसून घेते.

आंबवणी थांबली की हवेला दार बंद. २० अंश तापमानाला वाईन हवेत उघडी राहिली, तर तिच्यात लीटरमागे ८ मिग्रॅच्या आसपास ऑक्सिजन मावतो. थंड वाईनमध्ये त्याहून जास्त मावतो, त्यामुळे ‘चिलर चालू आहे, काळजी नको’ हा भ्रम आहे. आत गेलेला १ मिग्रॅ ऑक्सिजन वाईन टिकवणारा जवळपास ४ मिग्रॅ मोकळा सल्फर डायऑक्साइड खातो. मोजमाप केल्यावर केएमएस (सल्फर डायऑक्साइड देणारी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पूड) दर आठवड्याला कमी पडत असेल, तर आणखी केएमएस टाकण्याआधी हवा कुठून शिरते ते शोधा.

जनरेटर घ्यायचा की सिलिंडर

४७ लीटरचा, १५० बार दाबाचा सिलिंडर म्हणजे सुमारे ७ घनमीटर नायट्रोजन. गेल्या हंगामात आठवड्याला किती सिलिंडर रिकामे झाले, ते आवकीच्या पावत्यांवरून मोजा. एक-दोनच लागत असतील तर आमच्या मते जनरेटरच्या नादी लागू नये. चार-पाचच्या पुढे गेलात, बाटल्या भरायची लाइनही आहे आणि सिलिंडरची गाडी ऐन घाईत वेळेवर येत नाही, तर हिशेब जनरेटरच्या बाजूने झुकतो. जनरेटर घेतला तरी दोन भरलेले सिलिंडर राखीव ठेवा. वीज गेली की जनरेटर थांबतो, वाईन मात्र टाकीतच असते.

आकार ठरवताना फक्त जनरेटरचा विचार करून भागत नाही. पीएसए प्रकारच्या (दाब कमी-जास्त करून वायू वेगळे करणाऱ्या) जनरेटरला ९९.५ टक्के शुद्धतेचा १ घनमीटर नायट्रोजन काढायला साधारण ३ घनमीटर हवा लागते, ९९.९ टक्क्यांना त्याहून बरीच जास्त. वाईनला ९९.५ ते ९९.९ टक्के पुरे. विक्रेता चार नऊ असलेला (९९.९९) आकडा सांगत असेल, तर तो तुमच्या पैशाने मोठा कॉम्प्रेसर विकतोय हे ओळखा. तासाला १० घनमीटर नायट्रोजन हवा असेल तर ३० घनमीटर हवा, म्हणजे १८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). त्यावर उन्हाळ्याची आणि सोलापूरच्या साडेचारशे मीटर उंचीची तूट धरून २५ टक्के वाढवा: २२ ते २३ सीएफएम. ७.५ एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर इथे व्यवस्थित पुरतो, ५ एचपीचा रडत चालतो. प्रेस आणि डायफ्रॅम पंप त्याच हवेवर चालवायचे असतील तर त्यांची गरज वेगळी मिळवा. ही सगळी यंत्रे शेतीपंपाच्या जोडणीवर लावायची नाहीत, त्याला औद्योगिक जोडणीच लागते.

हवेची बाजू: इथेच बहुतेक बिघाड

पीएसएच्या दोन मनोऱ्यांत कार्बन मॉलिक्युलर सिव्ह भरलेले असते. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि नायट्रोजन पुढे सोडते. त्याचे दोनच शत्रू, तेल आणि पाणी. तेल एकदा त्यात मुरले की ते परत निघत नाही, सगळे सिव्ह बदलावे लागते.

फेब्रुवारीची हवा कोरडी वाटते, पण ३३ अंश आणि ३५ टक्के आर्द्रतेला एका घनमीटरमध्ये बारा ग्रॅमच्या वर वाफ असते. वर सांगितलेला कॉम्प्रेसर आठ तास चालला तर त्यातून अडीच-तीन लीटर पाणी निघायला हवे. ऑटो ड्रेनखाली बादली ठेवून मोजा. बादली कोरडी राहिली, तर ड्रेन तुंबलेला आहे आणि ते पाणी पुढे जनरेटरकडे चालले आहे. रिसीव्हरचा (दाबाची हवा साठवणारी टाकी) हाताचा ड्रेन रोज सकाळी, दाब असतानाच, स्वच्छ हवा येईपर्यंत उघडा.

जोडणीचा क्रम असा ठेवा: कॉम्प्रेसर, रिसीव्हर, १ मायक्रॉनचा फिल्टर, रेफ्रिजरेटेड ड्रायर, ०.०१ मायक्रॉनचा तेल पकडणारा फिल्टर, ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर, मग जनरेटर, नायट्रोजनची टाकी आणि शेवटी धूळ पकडणारा फिल्टर. कार्बनचा फिल्टर ड्रायरच्या आधी बसवलेला दिसला तर त्याची जागा बदलून घ्या, ओला कार्बन काही धरत नाही. तेलविरहित कॉम्प्रेसर असला तरी हे फिल्टर काढू नका, बाहेरच्या हवेतही डिझेलचा धूर असतो. भारनियमनात चालणारा डिझेल जनरेटर आणि कॉम्प्रेसरचे तोंड एकाच भिंतीला असेल, तर तो धूर थेट वाईनच्या वाटेला लागतो. तोंड सावलीत, उत्तरेकडे, जमिनीपासून दोन मीटर वर घ्या आणि आंबवणीच्या खोलीत मुळीच घेऊ नका. तिथल्या कार्बन डायऑक्साइडने नायट्रोजन जनरेटरचे गणित बिघडते.

खोलीची उष्णता हा आपल्याकडचा खास प्रश्न. ७.५ एचपीची मोटर जेवढी वीज खाते, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन त्याच पत्र्याच्या खोलीत राहते. ड्रायरकडे ४० ऐवजी ५० अंशाची हवा गेली, तर तिच्याबरोबर दीडपटीहून अधिक वाफ जाते. ड्रायर ट्रिप होतो किंवा, त्याहून वाईट, ट्रिप न होता ओली हवा पुढे सोडतो. समोरासमोर दोन झरोके, वर एक्झॉस्ट पंखा आणि कॉम्प्रेसरची गरम हवा बाहेर नेणारी पत्र्याची नळी एवढे केले तरी फरक पडतो. आपल्याकडची धूळ पाहता सक्शन फिल्टर हंगामात दर आठवड्याला झटकावा.

गळतीची चाचणी आत्ताच करून घ्या. सगळी यंत्रे बंद करून ५०० लीटरचा रिसीव्हर ७ बारला भरा, कॉम्प्रेसर थांबवा आणि दाब ६ बारवर यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळावर बघा. पाच मिनिटे लागली तर मिनिटाला १०० लीटर, म्हणजे साडेतीन सीएफएम, नुसतीच फुकट चालली आहे. ७ बारला ३ मिलिमीटरचे एक भोक २० सीएफएमच्या वर खाते. क्विक कपलिंग, रेग्युलेटरची कडी आणि प्लॅस्टिकच्या नळीचे वळण, साबणाचे पाणी आधी तिथे लावा.

शुद्धता प्रवाहावर ठरते

जनरेटरच्या पाटीवर ९९.५ लिहिले आहे ते ठरावीक प्रवाहाला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून दुप्पट वायू ओढला तर तीच पेटी ९७ टक्के देते, आणि नायट्रोजनला रंग-वास नसल्याने कुणाला पत्ता लागत नाही. बाहेर पडणाऱ्या वाटेवर ऑक्सिजन मीटर आणि प्रवाह दाखवणारा रोटामीटर हवाच. मीटरचा सेल उघड्या हवेत धरून २०.९ दाखवतो का, ते दर सोमवारी पाहा. दोनेक वर्षांत सेल मरतो. सकाळी यंत्र सुरू केल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटे अशुद्ध वायू येतो, तो बाहेर सोडा, मीटर जागेवर आला की मगच लाइन उघडा.

अर्धवट भरलेल्या टाकीचे गणित करून पाहू. ५,००० लीटरच्या टाकीत ४,००० लीटर वाईन आहे, वर १,००० लीटर मोकळी जागा. नायट्रोजन हवेपेक्षा जड नाही, तो वाईनवर चादरीसारखा पसरून बसत नाही, हवेत मिसळतो. त्यामुळे ती जागा धुवून काढावी लागते. मोकळ्या जागेच्या तिप्पट ९९.५ टक्क्यांचा वायू सोडला तर आत १.५ टक्के ऑक्सिजन उरतो, चौपट सोडला तर ०.९. वायू ९७ टक्क्यांचा असेल तर कितीही सोडा, ३ टक्क्यांच्या खाली जाणार नाही. मिनिटाला ५० लीटरने तासभर, पसरट तोंडाच्या नळीतून हळू सोडा. जोरात सोडलात तर वाईनच ढवळली जाते.

आणि एकदा धुतले म्हणजे झाले, असेही नाही. मोकळ्या जागेतला वायू दिवस-रात्रीत १० अंशांनी थंड झाला तर ३३ लीटर बाहेरची हवा आत ओढली जाते. त्यात ७ लीटर, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, ऑक्सिजन. तो सगळा विरघळला तर लीटरमागे २ मिग्रॅच्या वर, आणि त्यापायी ९ मिग्रॅ सल्फर डायऑक्साइड गेला. एका रात्रीत. म्हणून टाकीवर १० ते २० मिलिबारचा हलका दाब कायम हवा. महागडा रेग्युलेटर नसला तरी पारदर्शक नळीचा पाणी भरलेला यू लावून १०० ते २०० मिलिमीटर पाण्याचा फरक दिसतो का, हे रोज बघता येते. शक्य असेल तर टाकी काठोकाठ भरलेली बरी. नायट्रोजन ही दुसऱ्या नंबरची सोय आहे.

झाकण बंद ठेवून टाकी रिकामी करताना पंपाच्या वेगाइतका तरी वायू आत गेला पाहिजे. पंप तासाला ५,००० लीटर ओढत असेल आणि जनरेटर ३ घनमीटर देत असेल तर आत पोकळी होते आणि पातळ पत्र्याची टाकी चेपते. व्हॅक्यूम व्हॉल्व्ह अडकलेला नाही ना, हे पंप सुरू करण्याआधी हाताने उचलून पाहा.

बदली आणि बाटली

एका टाकीतून दुसरीत वाईन नेताना सुरुवातीचे आणि शेवटचे शंभर-दोनशे लीटर सर्वांत जास्त ऑक्सिजन घेतात. दोन इंची, २० मीटर नळीत ३९ लीटर हवा असते. मिनिटाला ३० लीटरने चार मिनिटे नायट्रोजन सोडून ती धुवा, मग वाईन सोडा. रिकामी टाकी नायट्रोजनने पूर्ण धुवायला दोन सिलिंडर जातात, ते परवडत नाही. तिथे जड असलेला कार्बन डायऑक्साइड वापरा. १.६ मीटर व्यासाच्या टाकीत तळाला ३० सेंटिमीटरचा थर द्यायला सव्वा किलो पुरतो, मिसळून वाया जातो ते धरून दोन किलो घ्या, आणि वाईन तळातूनच भरा.

आधीच शिरलेला ऑक्सिजन काढायला पाइपलाइनमध्ये सच्छिद्र स्टीलचा दगड बसवून लीटरला ०.१ ते ०.३ लीटर नायट्रोजन सोडतात. तासाला ५,००० लीटरच्या प्रवाहाला मिनिटाला १७ लीटरपासून सुरुवात करा. वाईन १५ ते २० अंशांवर हवी. थंड असेल तर ऑक्सिजन सुटत नाही, गरम असेल तर सुगंधही बरोबर जातो. पांढऱ्या वाईनमधला कार्बन डायऑक्साइडही यात निघून जातो आणि ती चवीला बसकी लागते, तेव्हा दोन्ही वायू मिसळून द्या. बाटलीत जाताना पांढरीत ०.५ आणि लालमध्ये १ मिग्रॅच्या खाली ऑक्सिजन असेल तर काम झाले.

डायफ्रॅम पंपाच्या एक्झॉस्टमध्ये वाईनचा वास किंवा थेंब आले, तर पडदा फाटला आहे. प्रेसमधल्या हवेच्या फुग्याला छिद्र पडले तर रसात बुडबुडे येतात, आणि हवा तेलकट असेल तर ते तेल रसात उतरते.

जिवाचा प्रश्न

नायट्रोजनने गुदमरताना धाप लागत नाही, माणूस सरळ कोसळतो. ऑक्सिजन ६ टक्क्यांवर उतरला असेल तर शुद्ध जायला मिनिटभरही मिळत नाही. गाळ काढायला विहिरीत उतरण्याआधी दिवा सोडून पाहायची पद्धत इथे चालणार नाही, टाकीत अल्कोहोलची वाफ असते. टाकीत उतरण्याआधी नायट्रोजनची नळी नुसती बंद करू नका, काढून ठेवा. पंख्याने हवा खेळवा, मीटरवर १९.५ टक्क्यांच्या वर आकडा येऊ द्या, बाहेर दोरी धरून एक माणूस उभा करा. आतला पडला तर बाहेरच्याने उडी मारायची नाही, दोरीनेच ओढायचे. हे काढणीसाठी आलेल्या मजुरांनाही पहिल्याच दिवशी सांगा. नायट्रोजन जनरेटर जो उरलेला वायू फेकतो त्यात ऑक्सिजन जास्त असतो. त्याची नळी खोलीबाहेर काढा, तिच्याजवळ वेल्डिंग किंवा विडी नको.

हंगामानंतर

एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू झाली की जनरेटरकडे कुणी फिरकत नाही. बंद करताना दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह घट्ट बंद करून मनोऱ्यांत कोरडा वायू कोंडून ठेवा, नाहीतर पावसाळी हवा सिव्हमध्ये मुरते. पंधरा दिवसांतून एकदा तासभर चालवा. उरलेला वायू बाहेर पडतो त्या सायलेन्सरच्या तोंडाशी काळी पूड दिसली, तर सिव्ह बसून घासू लागले आहे. ते पुढच्या डिसेंबरात नव्हे, त्याच आठवड्यात उघडून वरून भरून घ्या.