पेटीतल्या हवाई फोटोंवरून स्क्वाड्रनचा इतिहास कसा लावायचा

पारोळ्याला आमच्या माडीवर एक लोखंडी पेटी आहे. आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात इंडियन एअर फोर्सच्या ६ नंबर स्क्वाड्रनच्या फोटो सेक्शनला होते. पेटीतून त्यांचे २१ फोटो निघाले. विमानातून घेतलेले, करड्या रंगाचे, पाच इंच बाय पाच इंच. घरच्यांना त्यात नुसते डाग दिसायचे. माझा फोटो स्टुडिओ होता, डेव्हलपरने नखं तपकिरी होईपर्यंत डार्करूममध्ये काम केलंय, तरी ते फोटो वाचायला मला दोन उन्हाळे लागले. कुणाच्या घरी अशी पेटी असेल तर त्याचा तेवढा वेळ वाचावा, म्हणून पद्धत लिहून ठेवतो.

आधी हात आवरा. अल्बमच्या काळ्या पानाला चिकटलेला फोटो उपटायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा नाही. खिडकीच्या उजेडात मोबाइलवर दोन्ही बाजू टिपा, पाठ आधी. पाठीवर पेन्सिलीचा आकडा, शिक्का, गंजलेल्या टाचणीचा डाग, जे असेल ते. मूळ फोटो बाहेर देऊ नका. मी एकदा प्रदर्शनासाठी दोन दिले आणि ते लॅमिनेट होऊन परत आले. पाठीवरचे आकडे कायमचे गेले. आता २१ मधले १९ च खऱ्या अर्थाने शिल्लक आहेत, याचं दुःख अजून जात नाही.

मग कड वाचा. निगेटिव्हवर शाईने उलट्या अक्षरांत लिहिलेली ओळ प्रिंटवर पांढरी उमटते. त्यात साधारण युनिट, सॉर्टीचा म्हणजे त्या उड्डाणाचा नंबर, फ्रेमचा नंबर, तारीख, वेळ, लेन्स आणि उंची असते. ‘एफ’, तिरपी रेघ आणि पुढे ८ किंवा २० असं दिसलं तर ते अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, नव्हे. मी स्टुडिओवाला, मी वर्षभर तेच समजत होतो. ती लेन्सची फोकल लेंग्थ आहे, इंचांत. त्या काळच्या एफ-२४ कॅमेऱ्याला ५, ८, १४ आणि २० इंची लेन्स लागायच्या.

हे कळलं की प्रमाण हातात आलं. लेन्स आणि उंची एकाच मापात आणा आणि भागा. ८ इंची लेन्स, ८,००० फूट उंची: ८,००० फुटांचे ९६,००० इंच, भागिले ८, म्हणजे १ ला १२,०००. फोटोवरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १२० मीटर, आणि पाच इंचांची अख्खी बाजू सुमारे दीड किलोमीटर. हा आकडा प्रत्येक फोटोच्या पाकिटावर लिहून ठेवा, फोटो आत ठेवण्याआधी, मऊ पेन्सिलीने.

लेन्स आणि उंचीच्या याच आकड्यांवरून स्क्वाड्रनही ओळखता येतं. घरात नुसतं ‘फोटो स्क्वाड्रन’ सांगितलेलं असतं, पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दोन वेगळी कामं चालत. लांबवर, ३०,००० फुटांच्या आसपास उडणारी रॉयल एअर फोर्सची ६८१ आणि ६८४ नंबरची स्क्वाड्रनं होती. दोन्ही १९४३ मध्ये कलकत्त्याच्या डमडमला उभी राहिली. स्पिटफायर, मॉस्किटो उडवायची. आमच्या बापूंचं ६ नंबर डिसेंबर १९४२ मध्ये त्रिचनापल्लीला मेहर सिंग यांनी उभं केलं. नोव्हेंबर १९४३ पासून ते हरिकेन विमानं घेऊन कॉक्स बाजारकडून (आता बांगलादेशात) ब्रह्मदेशाच्या आराकान किनारपट्टीवर कमी उंचीवरून उडायचं. दोन विमानं जोडीने जात. एकाने पाहायचं, फोटो घ्यायचे. दुसऱ्याने मागे वळणं घेत पहारा करायचा. ‘चौदाव्या सैन्याचे’, म्हणजे ब्रह्मदेशात लढणाऱ्या ब्रिटिश सैन्याचे, ‘डोळे’ हे नाव त्यांना त्यातूनच मिळालं. म्हणून लांब लेन्स आणि प्रचंड उंची दिसली तर डमडमकडे बघा. छोटी लेन्स, कमी उंची असेल तर अशा स्क्वाड्रनकडे. शिक्क्यात ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ असेल तर तो शिक्का मार्च १९४५ नंतरचा, कारण ‘रॉयल’ तेव्हा जोडलं गेलं. फोटो मात्र त्याआधीचा असू शकतो.

आता सावली. बापू अहिराणीत सांगायचे, “पयले सावली दख, मंग वस्तू.” फोटो असा फिरवा की सावल्या तुमच्या अंगावर येतील. उलटा धरलात तर डोळा फसतो, विहीर उंचवटा दिसते आणि टेकडी खड्डा. आपल्याकडे सावली बहुतेक वर्षभर उत्तरेला पडते, म्हणून नकाशाच्या सवयीने उत्तर वर धरली की हमखास घोटाळा होतो.

आणि आपण खान्देशवाले इथे नशीबवान आहोत. कॉक्स बाजार आणि आपण जवळपास एकाच अक्षांशावर, फरक अर्ध्या अंशाचा. तिथला सूर्य आपल्या अंगणात मोजता येतो. १५ जानेवारीला अंगणात एक मीटरची काठी उभी करा. सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा ती सुमारे ९० सेंटिमीटर भरते. त्या तारखेच्या, त्या वेळेच्या, १ ला १२,००० प्रमाणाच्या फोटोत झाडाची सावली एक मिलिमीटर असेल तर ती जमिनीवर १२ मीटर, म्हणजे झाड सुमारे १३ मीटरचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावली असते, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तिथेही थोड्याच दिवसांनी. तेव्हापासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारची सावली दक्षिणेला जाते, तेवढं लक्षात ठेवा. वेळेचंही मजेशीर जुळतं. तिथला सूर्य आपल्याआधी तासाभराने माथ्यावर येतो, पण सप्टेंबर १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत देशातली घड्याळं एक तास पुढे होती. कडेवरची वेळ भारतीय घड्याळाची असेल तर ती आजच्या आपल्या घड्याळाशी जवळजवळ मिळते.

लागोपाठच्या नंबरांचे दोन फोटो असतील तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. हे फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर येतील असे घेतलेले असतात. त्यांच्या प्रती काढा, उड्डाणाच्या क्रमाने डावा-उजवा ठेवा, दोन्हींतलं एकच झाड सहा सेंटिमीटरवर येईल इतके सरकवा आणि मध्ये पुठ्ठा उभा धरा. डावा डोळा डाव्या फोटोवर, उजवा उजव्यावर. मी रिटचिंगची दोन भिंगं पुठ्ठ्यात बसवून घेतली. पहिली दहा मिनिटं काही होत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. मग एकदम डोंगराची धार कागदातून वर उठते. माझ्या नातीने ती दिसताच टेबलाच्या वर हवेत बोट टेकवलं होतं.

जागा लावताना ओढे-नाले पाहू नका, ८० वर्षांत पात्रं सरकतात. डोंगराच्या सोंडा आणि घाटरस्ता घ्या. आराकानातली मायू डोंगररांग, माँगडॉ ते बुथिडाँग रस्ता आणि त्यावरचे बोगदे, हे उपग्रहाच्या चित्रावर अजून सापडतात. बापूंचे चार फोटो असे बसले, तारखा फेब्रुवारी १९४४ च्या. त्याच महिन्यात तिथे सिन्झवेयाच्या वेढ्याची लढाई चालू होती, जपानी सैन्याने चौदाव्या सैन्याच्या तळाला घातलेल्या वेढ्याची. तारीख बसली की स्क्वाड्रनची रोजनिशी शोधायची: फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा, ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाण. रॉयल एअर फोर्सच्या अशा वह्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

वह्यांत वैमानिकांची नावं मिळतील. फिल्म धुणाऱ्याचं नाव मिळेलच असं नाही, ते घरातूनच काढावं लागतं. म्हाताऱ्या माणसांना ‘युद्धात काय झालं’ विचारू नका, हातांबद्दल विचारा. पाणी कुठून आणायचे, फिल्म कुठे वाळवायचे? मेमध्ये पारोळ्याच्या नळाला गरम पाणी येतं आणि त्यात इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, मऊ पडतं, म्हणून मी बर्फाची लादी आणायचो. बापूंनी ते बघून सांगितलं होतं, की तिकडे आम्ही बाटल्यांना ओलं गोणपाट गुंडाळायचो आणि रात्रीतून दोनदा भिजवायचो, कारण पहाटे विमान निघायच्या आत प्रिंट लागायचे. हे वाक्य मी आठव्या फोटोच्या पाकिटावर लिहिलंय, तारखेच्या खाली.