बाजारभावाचा तक्ता मोबाइलवर नीट दिसावा म्हणून

चोपडा, अमळनेर, धुळे, नंदुरबार अशा बाजार समित्यांचे हरभऱ्याचे भाव एका तक्त्यात मांडले, की समितीच्या नावापुढे जात-प्रत, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर मिळून सात रकाने होतात. संगणकावर ते ऐसपैस मावतात. माल गाडीत भरण्याआधी शेतकरी भाव पाहतो तो मात्र मोबाइलवर, आणि तिथे एकतर अक्षरे मुंगीएवढी होतात किंवा अख्खे पानच आडवे सरकू लागते.

आधी वेबपानाच्या कोडमधल्या हेड या सुरुवातीच्या भागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचे हे ब्राउझरला सांगणारी ओळ) आहे ना, हे पाहावे. तो नसल्यास मोबाइलचा ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतो आणि मग आकसून दाखवतो. त्यानंतर कोडला हात लावण्यापूर्वी रकाने कमी करावेत. प्रत्येक ओळीत ‘क्विंटल’ असेल, तर तो शब्द तक्त्याच्या शीर्षकात एकदाच लिहिणे पुरेसे आहे.

आता तक्त्याचा टेबल टॅग एका डिव्हमध्ये (पानातल्या चौकटीत) ठेवून त्या डिव्हला सीएसएसमध्ये, म्हणजे मांडणीच्या कोडमध्ये, ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्यावे, म्हणजे पान जागेवर राहून फक्त तक्ता सरकतो. कीबोर्डनेही सरकवता यावा म्हणून डिव्हला ‘टॅबइंडेक्स’ शून्य द्यावा.

खरी अडचण पुढेच आहे: कमाल दरापर्यंत सरकले, की तो धुळ्याचा की अमळनेरचा हे कळत नाही. यासाठी समितीच्या नावाच्या रकान्याला ‘पोझिशन: स्टिकी’ आणि ‘लेफ्ट: ०’ द्यावे, म्हणजे तो डावीकडे स्थिर राहतो, आणि अपारदर्शक पार्श्वरंगही द्यावा, नाहीतर खालून सरकणारे आकडे नावांतून डोकावतात. शेजारच्या रेषा एकत्र करणारे ‘बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स’ असल्यास स्थिर रकान्याच्या रेषा निसटतात, तिथे ‘सेपरेट’ ठेवून ‘बॉर्डर-स्पेसिंग’ शून्य करावे. आकडे उजवीकडे जुळवावेत.

अनेकजण मीडिया क्वेरीने (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या नियमाने) प्रत्येक ओळीचे वेगळे कार्ड करतात. एका समितीचाच भाव हवा असेल तर ते ठीक, पण चार बाजारांची तुलना करायची असेल तर कार्डे ती मोडून टाकतात. शिवाय ओळींना ‘डिस्प्ले: ब्लॉक’ दिल्याने स्क्रीन रीडरला (अंधांसाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो तक्ता म्हणून ओळखू न येण्याचा धोका असतो. वेबपाने अपंगांनाही सहज वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या निकषांतही पान ३२० पिक्सेल रुंदीत आडवे न सरकता बसावे अशी अपेक्षा असली, तरी माहितीच्या तक्त्यांना त्यातून सूट आहे.

शेवटी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ३२० पिक्सेल रुंदी लावून तपासावे. मोबाइलवर स्क्रोलबार बहुधा लपलेला असतो, म्हणून उजवीकडचा रकाना अर्धवट कापलेला दिसेल अशी रुंदी ठेवावी; पुढे आणखी काही आहे, हे त्यावरूनच कळते.