कोरिलेशन स्ट्रक्चर निवडताना आधी गोठा बघा

स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापुरात डेटा शोधत फिरावं लागत नाही. दूध आहेच. एकेका म्हशीची व्यायल्यापासून आटेपर्यंत दर महिन्याला दूध आणि फॅटची नोंद, म्हणजे तयार लाँजिट्युडिनल डेटा. शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केल्यापासून मी याच प्रकारचं काम करते, आणि नव्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, कोरिलेशन स्ट्रक्चर कुठलं टाकू?" (म्हणजे एकाच म्हशीच्या नोंदींमधला सहसंबंध कुठल्या साच्यात बसवू?) मी उलट विचारते, मोजमाप कधी घेतलंय, आणि गोठ्यात काय चालतं?

एकाच म्हशीच्या नोंदी एकमेकींशी जुळत्या असतात. हे दुर्लक्षिलं, तर दोन प्रकारच्या खुराकांवरच्या वेगवेगळ्या म्हशींची तुलना करताना स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, खोटी लहान येते. महिन्यागणिक होणारा बदल मोजताना ती बहुधा उलट मोठी येते.

कंपाउंड सिमेट्री म्हणते, कुठल्याही दोन महिन्यांतला सहसंबंध सारखाच. म्हणजे ही म्हैस जात्याच दुधाळ, ती कमी दुधाची, बस्स. रँडम इंटरसेप्ट, म्हणजे प्रत्येक म्हशीला तिची स्वतःची मूळ पातळी, टाकलात की हेच मिळतं. एआर वन म्हणते, अंतर वाढेल तसा सहसंबंध विरतो. लागोपाठच्या महिन्यांत ०.८ असेल तर दोन महिन्यांच्या अंतराला ०.६४, आणि नऊ महिन्यांच्या अंतराला जेमतेम ०.१३. काससुजी झाली, दूध उतरलं, हळूहळू सावरलं, अशा गोष्टींना हे शोभतं. पण चांगली म्हैस दहाव्या महिन्यातही इतरांपेक्षा चांगलीच असते, तिथं ०.१३ पटत नाही. म्हणून दहा नोंदी असतील तर मी रँडम इंटरसेप्ट आणि एआर वन दोन्ही एकत्र लावून बघते. चारच नोंदी असतील तर हे दोन वेगळे काढणं मॉडेलला झेपत नाही.

अनस्ट्रक्चर्डचा, म्हणजे कुठलाच साचा न लादता प्रत्येक आकडा वेगळा काढण्याचा, मोह सगळ्यांना होतो. दहा महिन्यांसाठी त्यात १० व्हेरिअन्स (प्रत्येक महिन्यातला विखुरलेपणा) आणि ४५ कोव्हेरिअन्स (महिन्यांच्या जोड्यांचे), म्हणजे ५५ आकडे काढायचे. तीस म्हशींवर ते कुठून येणार? चार वेळांना मात्र १०च लागतात. सरावाला पॉटहॉफ आणि रॉय यांचा १९६४चा दातांचा डेटा घ्या: २७ मुलं, वय ८, १०, १२ आणि १४. आर या सॉफ्टवेअरमधल्या एनएलएमई पॅकेजात तो ऑर्थोडॉन्ट नावानं आहे.

आता खरी मेख. सहसंबंध बघण्याआधी सरासरीचं मॉडेल धड करा. आपल्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की गोठ्यागोठ्यात उसाचं वाडं येतं आणि वैरणच बदलते. हंगाम मॉडेलमध्ये घातला नाही, तर सगळ्या म्हशींचे रेसिड्युअल (सरासरी वजा केल्यावर उरलेले फरक) एकदम वरखाली होतात आणि सॉफ्टवेअर त्यालाही सहसंबंध समजतं. सरासरी नीट झाली की रेसिड्युअलचा महिना-महिना कोरिलेशन मॅट्रिक्स छापा आणि कर्णापासून लांब जाताना आकडे उतरतात का ते डोळ्यानं बघा. व्हेरिअन्स सगळ्या महिन्यांत सारखा आहे का, हेही वेगळं तपासा. तो भाग मुलं हमखास विसरतात.

हुकलेल्या नोंदींकडंही लक्ष असू द्या. जुलैची नोंद नसेल आणि एआर वनला वेळ सांगितली नसेल, तर आर ओळींचा क्रम धरतं. मग जून आणि ऑगस्ट शेजारी होतात. दिवसांची अंतरं कमीजास्त असतील तर कंटिन्युअस एआर वन घ्या.

एआयसी, म्हणजे मॉडेलांची तुलना करणारा आकडा (कमी तो बरा), शेवटी. दोन-तीन अर्थपूर्ण पर्यायच ठेवा, सरासरीचा भाग सगळ्यांत तोच ठेवा आणि रेमल (REML) या अंदाजपद्धतीनं फिट करा. फरक एक-दोनचा असेल तर साधं मॉडेल घ्या, उगाच वाद नको.

गाभण राहिली की नाही, असला हो-नाही डेटा असेल तर बरेच जण लिआंग आणि झेगर यांच्या १९८६च्या जीईईकडं, म्हणजे सरासरीचं मॉडेल आणि कामापुरता सहसंबंध मानून चालणाऱ्या पद्धतीकडं, वळतात. तिथं एआयसी चालत नाही, त्याच धर्तीचा क्यूआयसी वापरतात. स्ट्रक्चर चुकलं तरी सँडविच स्टँडर्ड एरर (डेटातल्या प्रत्यक्ष फरकांवरून काढलेली) सांभाळून घेते, हे खरं, पण क्लस्टर (आपसांत जुळलेल्या नोंदींचे गट) भरपूर असतील तरच. आणि एका गोठ्यातल्या म्हशी एकच वैरण खातात, त्यामुळं क्लस्टर म्हैस नाही, गोठा. बाराच गोठे असतील तर त्या सँडविचवर मी तरी विसंबणार नाही.

राहिला एक मुद्दा, आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नल परीक्षक इथंच पकडतात. कमी दुधाची म्हैस शेतकरी मधेच विकतो. म्हणजे शेवटच्या महिन्यांत उरतात त्या दुधाळच. आधीच्या नोंदींवर अवलंबून असलेली अशी गळती साध्या जीईईला चालत नाही. मिक्स्ड मॉडेलला (वरचं रँडम इंटरसेप्टवालं) चालते, पण विकलेल्या म्हशीचं पुढं काय झालं असतं, हे ते मॉडेल तुम्ही दिलेल्या सहसंबंधावरूनच ठरवतं. अशा वेळी स्ट्रक्चर चुकलं तर स्टँडर्ड एररबरोबर दुधाचा सरासरी आलेखसुद्धा हलतो.