लेझीमच्या पोरांतनं रोमन लीजन कसं उभं करायचं

गॅदरिंगला दरवर्षी तेच कोळीगीत बघून कंटाळा आला असेल तर यंदा रोमन फौज बसवा. सोलापुरात लेझीमची पोरं शोधायला लागत नाहीत, अन् रांग धरणं, शिट्टीवर पाय बदलणं त्यांना आधीच येतंय, म्हणजे निम्मं काम झालेलंच असतंय. फक्त होम मैदानावर सराव करायचा असेल तर गड्ड्याची जत्रा भरायच्या आत उरका, नंतर पाळण्यांतनं जागा मिळत नाही.

पोरं ४२ घ्या. पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं सांगितलेल्या लीजनमध्ये, म्हणजे रोमन फौजेच्या एका मोठ्या दलात, ४२०० पायदळ असायचं, चार प्रकारचं: १२०० वेलितेस, १२०० हस्ताती, १२०० प्रिन्सिपेस अन् ६०० त्रिआरी, म्हणून शंभराला एक पोरगं धरलं की हिशेब बरोबर बसतोय. वाटणी वयावर करा, खरी पण तशीच होती: वेलितेस सगळ्यात तरुण अन् गरीब, हस्ताती त्यांच्या वरचे, प्रिन्सिपेस ऐन उमेदीतले अन् त्रिआरी जुनेजाणते. पाचवीतली चपळ पोरं वेलितेस करा, दहावीतले दांडगे त्रिआरी. शत्रू म्हणून अजून पंधरा-वीस जण लागतीलच.

ढालीला जाड पुठ्ठा चालतोय, टॉवेलवाल्यांकडं मोठे बॉक्स मिळतात. खरी ढाल चार फूट उंच, अडीच फूट रुंद अन् बाकदार असायची, लहान पोरांना तेवढी झेपत नाही, थोडी कापा. भाल्याला काठी अजिबात देऊ नका बे, कुणाचा तरी डोळा जाईल, वर्तमानपत्राची सुरळी अन् टोकाला कापडाचा बोळा बास. हस्ताती-प्रिन्सिपेसला फेकायचे भाले प्रत्येकी दोन, त्रिआरीला लांब भाला एकच, तो फेकायचा नाही.

पहिल्या दिवशी मात्र हे काहीच करू नका, आधी जुनी पद्धत करून दाखवा. सुरुवातीला रोमन लोक पण ग्रीकांसारखं फॅलँक्स करायचे, गोल ढाली, खांद्याला खांदा, सलग भिंत. तशी भिंत करून पोरांना चालवा, सपाटीवर झकास चालतात, मग मधे वाळूची पोती टाका अन् परत चालवा, कुणी पुढं जातंय, कुणी अडतंय, भिंतीला भोकं पडतात. इ.स.पू. ३४३ ते २९० मध्ये सॅम्नाइट नावाच्या इटलीतल्याच लोकांशी डोंगराळ मुलखात लढताना रोमला हाच त्रास झाला अन् त्याच काळात छोट्या तुकड्यांची पद्धत आली असं बहुतेक इतिहासकार मानतात. पोत्यांचा खेळ झाला की हे पोरांना वेगळं समजवायला लागत नाही.

आता तुकड्या. खऱ्या लीजनमध्ये प्रत्येक ओळीत दहा तुकड्या म्हणजे मॅनिपल असायच्या, आपण तीन करू. हस्ताती चार-चार, दोन पुढं दोन मागं, अन् दोन तुकड्यांमध्ये एका तुकडीएवढी मोकळी जागा. मागं प्रिन्सिपेस तसेच, पण पुढच्या मोकळ्या जागेच्या बरोबर मागं, अन् त्यांच्या मागं त्रिआरी दोन-दोन, परत हस्तातींच्या रेषेत. वरनं बघितलं की बुद्धिबळाचा पट दिसला पाहिजे. चुन्यानं चौकोन आखून घ्या, नाहीतर पोरं सवयीनं सरकत सरकत सरळ रांग करतात, लेझीमची सवय इथं नडतीय.

क्रम असा: वेलितेस पळत पुढं जाऊन भाले फेकतात अन् मोकळ्या जागेतनं मागं येतात. मग प्रत्येक हस्ताती तुकडीतली मागची जोडी डावीकडनं पुढं येऊन जागा भरतीय, भाले फेकायचे अन् तलवार. खरोखर अशीच जागा भरायचे का यावर अभ्यासकांत वाद आहे, पण स्टेजवर हे भारी दिसतंय. दुसऱ्या शिट्टीला जोडी परत आपल्या जागी, हस्ताती मागं, प्रिन्सिपेस पुढं. सगळ्यात जास्त सराव या माघारीचा घ्या. पुढं पळायला प्रत्येकाला येतंय, पाठ न दाखवता, धडक न खाता मागं यायला लई वेळ लागतोय, अन् या फौजेचं सगळं कौशल्य तिथंच आहे, दमलेली ओळ मागं अन् ताजी पुढं.

त्रिआरी तोवर डावा पाय पुढं ठेवून गुडघ्यावर बसलेले, ढाल खांद्याला टेकलेली. ते उठले म्हणजे परिस्थिती फार बिकट, ‘गोष्ट त्रिआरींवर आली’ अशी म्हणच रोमन लोकांत होती. त्यामुळं प्रिन्सिपेस पण मागं आले की ढोल एकदम थांबवा अन् मग त्यांना उठवा.

वेळ उरला तर इ.स.पू. २०२ ची झामाची लढाई जोडा. कार्थेजचा सेनापती हॅनिबलच्या हत्तींसाठी रोमन सेनापती स्किपिओनं पट मोडून तुकड्या एकामागं एक सरळ लावल्या अन् मधल्या गल्ल्या पुढनं वेलितेस उभे करून झाकल्या. चादरीखाली दोन-दोन पोरं घालून हत्ती करा, शिट्टी झाली की वेलितेस बाजूला अन् हत्ती गल्लीतनं सरळ मागं. तिथनंच बाहेर पडू द्या त्यांना, परत वळवायला गेलात तर चादरीत पाय अडकून पडतात.